दहातले पाच

वेस्ट्रे बेटावरच्या टेकडीवर आमची एक थाळी,
दुसरी कर्कवॉलला. मध्ये समुद्र.
बेटावरची शाळा, दवाखाना, खेकड्यांचे भाव,
अर्लंड फ्लेटच्या बायकोचे विणकामाचे वर्ग,
सगळं या दोन थाळ्यांमधल्या हवेतून जातं.

हवा निवळ असली की
यंत्र दहातले नऊ बिट मजकुराला देतं,
एक साक्षीला ठेवतं.
हातचा एक, मी अर्लंडला म्हणाले.
कुणाच्या हातचा, त्याने विचारलं
आणि मला इंग्रजीत सांगता येईना.

भरती चढते तसा समुद्र आरसा होतो.
सरळ आलेली लहर
आणि पाण्यावर आपटून उशिरा पोचलेली तीच लहर
एकमेकींना पुसून टाकतात.
पडद्यावरची हिरवी रेघ
पायरी चुकल्यासारखी खाली येते.

अशा वेळी यंत्र ओरडत नाही
(ओरडायला जादा वीज लागते, तेवढा परवाना नाही).
ते सावकाश होतं.
दहातले पाच मजकूर, पाच साक्षीदार.
चेकवर आकडा लिहून
वर अक्षरी रुपये लिहावेत तसं:
एकाचा नऊ वाचला गेला
तरी शंभर मात्र हे शब्द जागचे हलत नाहीत.
माझा भाऊ हेरंब, गडहिंग्लजच्या पतसंस्थेत,
अक्षरी नसलेला कागद
न बोलता खिडकीतून परत सरकवतो.

अर्लंडही दिवसाला चार वाक्यं बोलणारा.
पण वारा सुटलेला असताना
वायरलेसवर बोटीचं नाव तीनदा घेतो:
गॅनेट, गॅनेट, गॅनेट.
किनाऱ्यावर कुणाला तरी तिन्ही मिळून एकदा ऐकू जातं.

आणि पलीकडची थाळी
क्षणाक्षणाला कळवत राहते,
आत्ता मला एवढं ऐकू येतंय, एवढंच झेपेल.
त्यावरून इकडची ठरवते, साक्षीदार किती.
यात लाज कसली, दोघींनाही वाटत नाही.

मी घरी नेमकं उलटं करत आले.
आईच्या ऑपरेशनच्या वेळी हेरंबला म्हणाले होते,
मी येत नाहीये असं नाही.
शेवटचे दोन शब्द कुठे पडले, देव जाणे.
त्यानंतर आमची हवा बिघडत गेली
आणि मी शब्द वाचवत गेले.
पोचले पैसे? पोचले.
बरं. ठेवते.
दहातले दहा मजकूर, साक्षीला कुणी नाही.
त्याला किती ऐकू येतंय हे त्याने कळवलं नाही,
मी विचारलं नाही.
सोळा वर्षं या धंद्यात आहे मी.

आज पहाटे तीन चाळीसला पूर्ण भरती होती.
रेघ खाली गेली, आणखी खाली गेली,
दहातले पाच झाले,
दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या बाईंचं चित्र
चौकोनाचौकोनांनी अडखळलं,
पण तुटलं नाही.
अर्लंडने थर्मासच्या झाकणात चहा ओतला.
मी हेरंबला लिहायला बसले:

मी येत होते. तिकीट काढलं होतं.
नऊ तारखेचं, अक्षरी नऊ.
तुझ्याकडून ऐकलं, ऑपरेशन आधीच उरकलं,
मग मी रद्द केलं. येत होते मी.
हे तिसऱ्यांदा लिहितेय ते चुकून नाही.
तुला यातलं किती पोचलं
तेवढंच कळव.

उत्तर येईल तोवर इथलं पाणी उतरलेलं असेल.
यंत्राचंही तेच होतं,
कळवलेली हवा नेहमी जराशी शिळी असते,
तिच्याच अंदाजाने पुढचं पाठवायचं.

झाकण पुसत अर्लंड म्हणाला,
तो हातचा राहिला सांगायचा.
खरं तर साक्षीचा बिट म्हणजे हातचा नव्हे,
मी तेव्हा घाईत बोलून गेले होते.
तरी सांगितलं:
बेरीज करताना एका घरात मावत नाही ते
बोटावर धरून ठेवायचं,
पुढच्या घरात मिळवायचं.

किती वेळ धरून ठेवायचं, त्याने विचारलं.